आज मुलं गाणार नाहीत

आज सकाळी प्रधानकाकू गेल्या.

आणि संध्याकाळी आमची मुलं दादरच्या चर्चमध्ये गायली नाहीत.

दोन्ही गोष्टी एकत्रच सांगते. मला त्या वेगळ्या करता येत नाहीयेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सुहास आणि मी मिशनरी आहोत. आफ्रिकेत, मलावीतल्या एका लहान गावात राहतो. तो तिथलं चर्च बघतो, मी मिशनच्या शाळेत शिकवते. रुथ आठ वर्षांची, आशिष पाच. दोघं तिथेच वाढतायत.

तीन वर्षांनी एकदा आम्ही माझगावला येतो. सासू-सासऱ्यांच्या दोन खोल्या आहेत, ते गेल्यापासून एरवी बंद. किल्ली शेजारी प्रधानकाकूंकडे. गोदीच्या ऑफिसातून रिटायर झालेल्या, एकट्या, रोज सकाळी देवाला जास्वंद वाहणाऱ्या. आम्ही यायच्या आधी त्या खिडक्या उघडून, लाद्या पुसून, माठ भरून ठेवायच्या.

थँक्यू म्हटलं की म्हणायच्या, "त्या नळाला म्हण. पाणी त्याने दिलं."

ह्या सुट्टीला आमच्यात फर्लो म्हणतात. सुट्टी कसली! दर रविवारी वेगळं चर्च. तेच फोटो, तेच भाषण, आणि शेवटी मुलांचं गाणं. तिकडच्या चिचेवा भाषेत, कमरेला तिकडचं रंगीत कापड गुंडाळून. आमचं काम लोकांच्या लक्षात राहो न राहो, मुलं राहतात. म्हणून मुलं गातात.

मग कोणीतरी गाल ओढतं. "तिकडचं काहीतरी बोलून दाखव ना."

मलावीत विचारतात, तुमच्या देशात परत कधी जाणार? इथे विचारतात, परत कधी जाणार?

रुथ मला विचारते, "मम्मी, घरी कधी जायचं?" आणि तिचं घर म्हणजे तिकडचं.

मी दमलेय. हे भाषणात सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

मागच्या फर्लोला काकू एकदा हौसेने आमच्याबरोबर चर्चमध्ये आल्या. रुथ तेव्हा पाच वर्षांची. छान गायली, टाळ्या पडल्या. परत येताना टॅक्सीत ती माझ्या मांडीवर झोपून गेली.

काकूंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "अख्खं गाणं पोरगी तुझ्या तोंडाकडे बघत होती गं. चुकलं तर आई काय म्हणेल, असं."

"लहान आहे काकू. होईल सवय."

"तुला तुझ्या देवाने बोलावलं, मान्य. त्यात मी कोण बोलणार? पण हिला कोणी विचारलंय का?"

मला राग आला. माझं बोलावणं मला ह्यांनी शिकवायचं? दोन दिवस मी त्यांच्या दारावरून मान खाली घालून जात होते.

तिसऱ्या दिवशी त्याच आल्या. "बिरडं करायचंय. वाल सोलायला पोरीला पाठव."

झालं. त्या दिवसापासून रुथचा मुक्काम काकूंकडे. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे, चिमटीत दाबायचे, की दाणा टुणकन बाहेर. काकूंनी तिला कधीही तिकडचं काही बोलून दाखवायला सांगितलं नाही.

ह्या वेळी आशिषही जायला लागला. मुलं त्यांना आजीच म्हणतात. दोघं चिचेवात भांडायला लागली की काकू म्हणायच्या, "कुठल्या का भाषेत भांडा. वाल खाली सांडायचे नाहीत."

मध्यंतरी तिकडे आशिषला मलेरिया झाला. सुहास दुसऱ्या गावाला गेलेला. मी घाबरून काकूंना फोन लावला. त्यांनी धीर वगैरे काही दिला नाही. "पाणी किती प्यायलाय?" एवढंच. मग दुपारभर थोड्या थोड्या वेळाने त्यांचाच फोन, तोच प्रश्न. मला त्या दिवशी दुसरं काही ऐकायचंच नव्हतं.

काल संध्याकाळी त्यांनी वालाचं फडकं उघडून मुलांना मोड दाखवले. "उद्या चर्चमधून आलात की सोलू."

आज सकाळी दार उघडलं नाही. झोपेतच गेल्या. ठाण्याहून त्यांची मुलगी नीता आली. दुपारी सगळं उरकलं.

आम्ही आंघोळी करत होतो तेवढ्यात दादरच्या चर्चच्या पाळकांचा फोन आला. भला माणूस. त्यांना खरंच वाईट वाटलं. म्हणाले, "थोडक्यात करू. भाषण राहू दे हवं तर. मुलांची दोन गाणी तेवढी होऊ द्या, लोक वाट बघतायत."

सुहास माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, बघते.

आत गेले तर रुथने कपाटातून ती कापडं काढली होती. आशिषच्या कमरेला गाठ मारत होती. डोळे सुजलेले.

"मम्मी, आजी गेली तरी गायचंय ना?"

हो की नाही, असं ती विचारत नव्हती. ती धरूनच चालली होती.

मी गाठ सोडली. कापडं घडी करून वर ठेवली.

सुहासला म्हटलं, "तू एकटा जा. सांग, आज मुलं गाणार नाहीत. त्यांची आजी गेलीय."

"आणि पुढच्या रविवारी?"

"पुढच्या रविवारी त्यांना विचारू."

त्याने चपला घातल्या. गेला.

काकूंकडे आज चूल पेटणार नव्हती. जेवण शेजाऱ्यांनी द्यायचं असतं, आणि शेजारी आम्हीच. नीताने ते वालाचं फडकं तसंच माझ्या हातात दिलं. "आईने भिजवलेत. तूच कर."

मुलं आमच्या स्वयंपाकघरात खाली बसून सोलत होती. भांडली नाहीत. एकही वाल खाली सांडला नाही.

बिरडं तुमच्यासारखं झालं नाही काकू. नीता जेवली पण.

माठ मी भरलाय.

मुलं आज घरी आहेत. तुम्ही सावकाश जा.