एकाच नावाची जमीन

आमचे थोरले मामंजी कुठल्याही शेताजवळ उभे राहिले, की “हे कुणाचं?” असं कधी विचारत नसत. विचारत, “ह्या रानावर कोण कोण जेवतं?” समोरचा माणूस गोंधळायचा आणि मालकाचं नाव सांगायचा. मामंजी मान हलवायचे. “ते कागदावरचं झालं. मी जेवणारांचं विचारतोय.” मग तो माणूस आठवून आठवून सांगू लागे. बांधावरचं गवत नेणारी शेजारीण, पडीक कोपऱ्यात शेळ्या बांधणारा म्हातारा, खळ्यावर येणारा न्हावी. माणसं वाढत जायची, तसतसा मामंजींचा चेहरा सैल व्हायचा.

ते माझ्या सासऱ्यांचे वडीलभाऊ. तरुणपणी नगरला नकाशे काढायला शिकले आणि तिथून केनियात नोकरीला गेले. उमेदीची सगळी वर्षं तिथल्या जमीन खात्यात घालवली. बायको तिकडेच वारली, मूलबाळ नव्हतं. तो देश स्वतंत्र झाल्यावर तिथल्या नोकऱ्या तिथल्याच माणसांना मिळू लागल्या. “त्यांचं बरोबरच होतं,” असं म्हणत ते सुप्याच्या पलीकडच्या आमच्या गावी परतले. मी त्या घरात तेव्हा नवीन सून होते. खाकी अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे आणि डोक्याला टोपीऐवजी हॅट, असे ते सकाळी रानात निघाले, की बाया विहिरीवर तोंडाला पदर लावून हसत. त्याचं त्यांना काही वाटत नसे.

घरात आणखी एक माणूस होतं, ते म्हणजे आत्याबाई, या दोन्ही भावांची बहीण सोना. लग्नानंतर दोन वर्षांतच विधवा होऊन माहेरी आलेली. वडिलांनी मरण्याआधी ओढ्याकाठचा एक तुकडा तिला तोंडी करायला दिला होता. कागदावर नाव मात्र माझ्या सासऱ्यांचंच. त्या तुकड्यात आत्याबाई मूग, मटकी, हुलगे करायची. तिची कणगी वेगळी होती. घरात कुणी बाळंतीण आली, की त्या कणगीतलं धान्य काढून ती ताठ मानेनं सासूबाईंसमोर ठेवायची. त्या घरात मोठ्यानं बोलायची हिंमत तिला त्या तुकड्यानं दिली होती, हे मला हळूहळू कळलं.

संध्याकाळी ओट्यावर बसून मामंजी मला केनियाच्या गोष्टी सांगत. तिथल्या डोंगराळ भागात लोकांची शेतं आमच्यासारखीच विखुरलेली होती. एक पट्टी इथं, दुसरी दरीच्या पलीकडे. सरकारनं ती एकत्र करायचं ठरवलं. हेतू चांगला होता, असं ते आवर्जून म्हणत. एका जागी जमीन आली की माणूस विहीर खणतो, झाडं लावतो. पण त्या जमिनीवर आधी कितीतरी लोकांचे हक्क होते. विधवेचा पेरायचा, पाहुणा म्हणून वसलेल्या कुटुंबाचा राहायचा, शेजाऱ्याचा झऱ्यापर्यंत जायचा. नकाशावर रेघ ओढली आणि पुढे एका पुरुषाचं नाव लिहिलं, तेव्हा हे सगळे हक्क विरून गेले. “आणि त्या रेघा मी ओढल्या, सूनबाई. सुंदर ओढल्या. साहेब कौतुक करायचा.” एकदा एक म्हातारी कचेरीत आली होती. तिनं भिंतीवरच्या नकाशात आपलं शेत ओळखलं, त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “यात मी कुठं आहे?”

आमच्या गावात गटवारी आली, तेव्हा ते म्हणूनच अस्वस्थ झाले. इकडेही तेच ठरलं होतं. प्रत्येकाचे विखुरलेले तुकडे घ्यायचे आणि तेवढ्याच मोलाची सलग जमीन द्यायची. सासरे खूश होते. त्यांचं निम्मं आयुष्य या रानातून त्या रानात बैल नेण्यात गेलं होतं. चावडीवर अधिकारी बसले, तेव्हा थोरले मामंजी उभे राहिले. एकत्रीकरणाला त्यांचा विरोध नव्हता. एवढंच म्हणणं होतं, की ओढ्याकाठचा तुकडा अदलाबदलीत घालू नका आणि तो बहिणीच्या नावावर लावा.

अधिकारी शांत माणूस होता. म्हणाला, खातेदाराची संमती असेल तर विचार करता येईल. खातेदार म्हणजे माझे सासरे. सगळा गाव त्यांच्याकडे बघू लागला.

“दादा, बहिणीला मी उपाशी ठेवीन असं वाटतं का तुमाला?” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, दुखावलेला होता. “इतकी वर्सं तुमी न्हवता. मीच हुतो.”

थोरले मामंजी खाली बसले. पुढे ते मला म्हणाले, की त्या वाक्याला उत्तर नव्हतं असं नाही, पण ते देण्याचा अधिकार आपल्याला नाही असं त्या क्षणी वाटलं. परदेशात राहिलेल्या माणसाचा घरातला आवाज असा हलका होतो.

तुकडा गेला. तो शेजारच्या सखारामच्या गटात पडला आणि आम्हांला गावाच्या वरच्या अंगाला सलग माळ मिळाला. जमीन खरोखर वाईट नव्हती. आत्याबाईची कणगी रिकामी झाली आणि पुन्हा भरली नाही. जेवायला मात्र ती सगळ्यांच्या शेवटी बसू लागली. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. रस्त्यावर खडी फोडायची कामं निघाली. एके दिवशी आत्याबाई गायब. शोधलं तर ती नगरच्या रस्त्याला, बायकांच्या रांगेत, हातोडा घेऊन बसलेली. सासरे शरमेनं लाल झाले आणि तिला उठवायला गेले. ती उठली नाही. “माझ्या हातचं खाऊ द्या,” एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून थोरले मामंजी तिच्याशेजारी जाऊन बसू लागले. तीच हॅट, तेच मोजे. त्यांना खडी धड फोडता येत नव्हती. आत्याबाई त्यांच्या ढिगातले मोठे दगड गुपचूप आपल्याकडे ओढायची. हसणाऱ्या बाया हसायच्या थांबल्या होत्या.

त्या उन्हाळ्यात मामंजींनी भावाकडे आपला वाटा मागितला. आयुष्यात पहिल्यांदाच. सासऱ्यांनी कुरकुर न करता दिला, पण त्यानंतर दोघा भावांत पूर्वीसारखं बोलणं राहिलं नाही. मामंजी बहिणीला घेऊन पारनेरला गेले आणि वाट्याला आलेली सगळी जमीन तिच्या नावानं बक्षीस करून दिली. परतल्यावर तिला माळावर नेलं. मीही भाकरी घेऊन बरोबर होते. त्यांनी तिला चारी कोपरे दाखवले. इतक्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आत्याबाई वाकली, मूठभर माती घेतली, चोळून पाहिली आणि सोडून दिली.

“रान चांगलं हाय, दादा. पन ते माझं न्हवं. माझं वड्याकाठी हुतं.”

मामंजी म्हणाले, “उशीर झाला, सोना.” ती म्हणाली, “तुमचा काय दोष न्हाई.” आणि त्यांना बांधावर बसवून तिनं भाकरी वाढली.

पाऊस आल्यावर तिनं तो माळ पेरला, मन लावून पेरला. सखारामही भला माणूस. ओढ्याकाठी ती कधी जाऊन बसली, तर तो औत थांबवून तिच्याशी बोलायचा. पण मामंजी खचले ते खचलेच. लिहून दिलं की दिलं जातं, ही आयुष्यभराची समजूत त्यांच्या हातून गेली होती, असं मला वाटतं. पुढल्या हिवाळ्यात त्यांना नगरला दवाखान्यात ठेवावं लागलं.

शेवटच्या दिवसांत त्यांचं मराठी सुटलं. दुपारी डोळे उघडून ते केनियातल्या भाषेत बोलायचे. बोलणं सरळ, सावकाश असायचं, कुणाला तरी समजावून सांगावं तसं. मधेच थांबून उत्तराची वाट बघायचे. मी विचारायची, काय हवंय, पाणी देऊ का. माझे सासरे पायथ्याशी बसून डोळे पुसायचे. उत्तर मिळत नाही म्हणून मामंजी बेचैन व्हायचे, तेच शब्द पुन्हा म्हणायचे, हातानं हवेत काहीतरी दाखवायचे. ती भाषा त्या सबंध दवाखान्यात कुणाला येत नव्हती.

आत्याबाई उशाशी बसलेली असायची. तिनं त्यांचा तो हात धरला आणि ते जे जे म्हणतील त्याला ती हळूच म्हणत राहिली, “व्हय. व्हय, दादा.” ते ऐकत गेले आणि शांत होत गेले.