बर्फातला कुकारा

गाडी आली तेव्हा तुमचे आजोबा प्लॅटफॉर्मच्या नळावर पाण्याची बाटली भरत होते. बाटली भरेपर्यंत गाडी थांबेलच, अशा थाटात भरत होते. आमच्या श्रीरामपूरच्या स्टेशनाचं नाव बेलापूर आहे; का, ते विचारू नका, पाहुणे अजून चुकतात. तुमचे बाबा, म्हणजे माझा सुहास, स्वतःपेक्षा रुंद सॅक पाठीला लावून डब्याच्या दारात उभा होता. साखर कारखान्यातली इंजिनिअरची नोकरी सोडून तो मनालीला बर्फावर स्कीइंग शिकायला निघाला होता.

आजोबा त्याच कारखान्यात केमिस्ट. बाटली देताना म्हणाले, "पांढरे डोंगरच बघायचे होते तर आमच्या गोदामात काय कमी आहेत? वर पगार मिळतो."

"बाबा, तुमचे डोंगर पोत्यात भरून विकतात."

गाडी हलली तशी आजोबांनी शर्टाच्या खिशातलं भिंग काढून त्याच्या हातात कोंबलं. साखरेचा दाणा तपासायचं भिंग होतं ते; कारखान्यात ते कुणाला हातसुद्धा लावू देत नसत. "असू दे. दाणा नीट बघावा, कुठलाही असो," एवढं म्हणाले आणि शेवटचा डबा जायच्या आत जिन्याकडे चालू लागले. मी हाक मारली, तरी वळले नाहीत.

मीना, केन, गेल्या रविवारी व्हिडिओवर तुम्ही मला विचारलंत, "आजी, आम्ही जपानमध्येच राहायचं असं कोणी ठरवलं?" मी म्हटलं, लिहून कळवते. बोलताना माझा क्रम चुकतो आणि मला ते आवडत नाही. शिवाय या प्रश्नाचं उत्तर तुमच्या बाबांनाही अर्धंच माहीत आहे.

घर सोडण्याची सुरुवात आमच्याकडे माझ्यापासूनच झाली. माझं माहेर राजूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. पावसाळ्यात तिथे धुकं असं उतरायचं की स्वतःच्या अंगणातली गाय दिसायची नाही. मग माणसं एकमेकांना शोधायची ती आवाजाने. तोंडाशी हात धरून 'कूऽऽ' अशी लांब आरोळी द्यायची, ती या डोंगरावरून त्या डोंगरावर पोचायची. आम्ही त्याला कुकारा म्हणायचो. माझ्या वडिलांचा, आप्पांचा, नियम एकच होता. "कुनाचा बी कुकारा आला तर आधी ओ द्यायची. कोन हाय ते मागनं बघू." मला इंग्रजी शाळेसाठी श्रीरामपूरच्या मिशनच्या बोर्डिंगात पाठवलं, त्या दिवशी एस.टी. घाटातून खाली उतरत होती आणि वरून वडिलांचे कुकारे येत होते. मी खिडकीतून ओ दिली. कंडक्टर म्हणाला, "ए पोरी, गाडी हाय ही, रान न्हाई." सगळी बस हसली. त्यानंतर शिकले, तिथेच इंग्रजीची शिक्षिका झाले, लग्न केलं, सपाटीवर राहिले. ऊस उंच असतो, पण त्यात आवाज घुमत नाही. कुकारा द्यायची वेळ पुन्हा आली नाही. सुहासला मात्र सुट्टीत राजूरला नेत असे, आणि तो तिथून आप्पांबरोबर कुकारे देऊन घसा बसवून यायचा.

तो मनालीहून गुलमर्गला गेला, तिथून जपानला, होक्काइदोला, स्कीइंगचा गाईड म्हणून. तिथे तुमची आई, नाओको, भेटली, तुम्ही झालात. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते यापुढचं. आजोबा गेले त्या वर्षी सुहास इथून परत निघताना म्हणाला होता, "आई, तू एक शब्द बोल. आम्ही चौघंही कायमचे इकडे येतो. नाओकोशी बोललोय मी." तो तोंडदेखलं बोलत नाही. जवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात त्याच्याजोगी जागा होती, मी चौकशी करून ठेवली. तुमच्यासाठी गच्चीवरची खोली फिकट निळी रंगवून घेतली. तरी फोनवर सांगायचं धाडस होईना. म्हटलं, आधी येऊन बघते, समोर बसून बोलते. नाताळ झाल्यावर करंज्यांचा डबा घेऊन मी निघाले, आणि तो शब्द डब्याबरोबर घेऊनच निघाले.

तुम्ही तेव्हा लहान होतात. आजी साडीखाली थर्मल, वर नाओकोचा कोट आणि पायात गमबूट घालून हिंडते याचं तुम्हाला फार हसू यायचं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माझ्या डोक्याच्या वर बर्फाच्या भिंती. आपल्याकडे फ्रीजरमध्ये धरतो तसा कडक बर्फ नव्हता तो. पिठीसाखर होती. मुठीत धरली तर गोळा होत नव्हता, फुंकर मारली तर उडून जात होती. त्याच्यासाठी कुठून कुठून माणसं विमानाने येतात आणि 'पावडर, पावडर' म्हणत खिडकीला नाक लावून बसतात. तिथे वर न्यायला तारेचा पाळणा नाही, आखलेली वाट नाही. स्कीच्या खाली केसाळ पट्ट्या लावून जंगलातून चढत जायचं, वर पोचल्यावर पट्ट्या सोलून काढायच्या आणि कमरेएवढ्या पावडरमधून तरंगत खाली यायचं. चढायला अर्धा दिवस आणि उतरायला दोन गाण्यांएवढा वेळ. मला आधी हा शुद्ध वेडेपणा वाटला.

मग मी सुहासला कामावर पाहिलं.

एका सकाळी तो मला घरामागच्या उतारावर घेऊन गेला. फावड्याने त्याने उभा खड्डा खणला. बर्फाच्या भिंतीत थर दिसत होते, बुंदीच्या लाडवाखाली पेढा, पेढ्याखाली बर्फी ठेवावी तसे. तळाचे थोडे कण त्याने काळ्या पट्टीवर घेतले, आणि खिशातून भिंग काढलं. आजोबांचं. एक डोळा मिटायची पद्धतही आजोबांचीच.

"बघ आई."

मी पाहिलं. मोठे, सुटे, चकाकणारे दाणे. "ही तर साखर आहे," मी म्हटलं.

"इथेही साखरच म्हणतात याला. दाणे एकमेकांना धरत नाहीत. वरचा सगळा बर्फ यांच्यावर उभा आहे. एखाद्या माणसाच्या वजनाने हे सरकले की अख्खा उतार खाली येतो."

त्या दिवशीची मोठी चढाई त्याने रद्द केली. पाहुणे वर्षभर वाट पाहून आलेले, काही जण रुसले. लार्स नावाचा डेन्मार्कचा दाढीवाला दंतवैद्य तर म्हणाला की आकाश निरभ्र असताना घाबरतात ते काय गाईड. सुहासने त्याला चहा दिला, भिंग दिलं, आणि म्हणाला, "तुम्ही दात बघता तेव्हा वरून पांढराच दिसतो ना?" लार्सने बराच वेळ भिंगातून पाहिलं. मग सॅक खाली ठेवली. घरी मेथी की पालक एवढं ठरवायलाही ज्याला वेळ लागायचा, तो माझा मुलगा माणसांच्या जिवाबद्दल 'नाही' इतक्या शांतपणे म्हणू शकतो, हे मला माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भरभरून बर्फ पडत होता. सुहासने मंडळींना खालच्या, कमी चढाच्या, भूर्जाच्या दाट जंगलात नेलं. निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या छातीला बांधलेलं यंत्र तपासलं. कुणी बर्फाखाली गेलं तर इतरांच्या यंत्रावर त्याचा आवाज येतो. एकेकजण त्याच्यासमोरून जाई, यंत्र टिकटिक करी, मग सुहास मान हलवी. मला शाळेतल्या सहलीची हजेरी आठवली. मी आणि नाओको खालच्या रस्त्यावर गाडीत थांबलो.

दुपारी मी पाय मोकळे करायला उतरले आणि रस्त्याच्या वळणापर्यंत गेले. चोहीकडे पांढरं, झाडंसुद्धा पुसट. बर्फ पडताना जी शांतता असते ती कानाला दडे बसल्यासारखी असते. आणि त्या शांततेत वरून, झाडांतून, आवाज आला.

कूऽऽऽ.

माझ्या वडिलांचा कुकारा. तोच चढ, शेवटी तोच किंचित हेलकावा. कुठे राजूर आणि कुठे हे! माझ्या अंगावर काटा आला, आणि विचार करायच्या आत मी तोंडाशी हात धरून पूर्ण ताकदीने ओ दिली. प्रार्थनेच्या वेळी मागच्या मैदानापर्यंत पोचणारा आवाज आहे माझा. पुन्हा कुकारा आला, पुन्हा मी ओ दिली. डोळ्यांतलं पाणी गालावर गोठत होतं आणि मी ओरडत होते.

नाओको धावत आली. तिच्या हातातल्या वॉकीटॉकीवर सुहास इंग्रजीत बोलत होता, अगदी सावकाश. "लार्स आला नाही. वळणाकडून कोण आवाज देतंय?"

नाओको माझ्याकडे पाहत म्हणाली, "आई."



मग मला समजलं. जंगलात माणूस दहा पावलांवरही दिसत नाही, म्हणून सुहास आधी खाली उतरून सुरक्षित जागी उभा राहतो आणि कुकारा देतो. एकेकाने त्या आवाजावर खाली यायचं. आवाज एकाच जागेवरून आला पाहिजे. सगळ्यात शेवटी असलेल्या लार्सला माझा आवाज ऐकू आला, आणि तो माझ्याकडे वळला. मधे ओढा होता, बर्फाने झाकलेला. वरून बघणाऱ्याला कळूच नये की खाली पाणी आहे.

मला वाटलं होतं, सुहास चिडेल. तो मराठीत म्हणाला, "आई, ऐक. थांबू नकोस आता. तुझ्याच आवाजावर येतोय तो, मधेच तुटला तर भरकटेल. देत राहा. मी ओढ्याच्या कडेने येतो."

मी ओ देत राहिले. किती वेळ, ते सांगता येणार नाही. अखेर झाडांमागून लार्स दिसला, छातीपर्यंत बर्फात, दाढी पांढरी, चेहऱ्यावर मोठं हसू. मी दोन्ही हातांनी खूण केली, थांब. तो थांबला. त्याच्या पुढ्यात, दोन हातांवर, ओढा होता. तेवढ्यात सुहास बाजूने उतरला, स्कीच्या काठीने बर्फ चाचपला आणि त्याला वरच्या अंगाने फिरवून रस्त्यावर आणलं.

लार्सने माझ्याकडे पाहिलं, साडी पाहिली, गमबूट पाहिले. "नवीन गाईड तुम्हीच का?" त्याने विचारलं. सगळे हसले. मीही हसले, आणि गाडीमागे जाऊन रडले.

सुहास मागून आला. ओरडला नाही, समजूतही घातली नाही. त्याच्या नाकावर बर्फ होता. "आप्पांचा नियम इथे अर्धाच चालतो, आई. ओ द्यायची, पण वाट कुठून आहे ते ठाऊक असेल तर," तो म्हणाला. मग नाक पुसत, "आता तरी सांग. काय ठरवलंस? तू आल्यापासून वाट बघतोय मी."

तो शब्द माझ्या ओठांवर होता. निळी खोली, कॉलेजातली जागा, सगळं तयार होतं. मी ओढ्याकडे पाहिलं. लार्सच्या स्कीचा चर झाडांतून सरळ माझ्या दिशेने ओढ्याच्या काठापर्यंत आला होता. चांगला वाटेवरचा माणूस, केवळ मी बोलावलं म्हणून वळला होता. आणि गाडीजवळ सुहासची माणसं उभी होती. कुणी त्याच्याकडे पाहिल्याशिवाय सॅकचा पट्टाही सोडत नव्हतं.

"करंज्या मऊ पडल्या असतील," मी म्हटलं. "आधी यांना खायला घाल."

मी इंग्रजीची शिक्षिका, नको ते वाक्य खोडून टाकायची सवय आहे मला. त्याला वाटतं, मला श्रीरामपूरला एकटीला राहायला आवडतं म्हणून मी काही बोलले नाही. तेही खरंच आहे, पण अर्धं. मी हाक मारली असती तर तो आला असता. शंभर टक्के आला असता. म्हणून मारली नाही.

तर मुलांनो, ते मी ठरवलं.

निळी खोली आहे अजून. शेजारच्या रझियाबी तिथे पापड वाळवतात आणि दर उन्हाळ्यात विचारतात, "पोरं कवा येनार हायेत? तवर लई जागा हाय म्हनून वापरते मी." घर कशाला म्हणायचं, याचा पूर्वी मी फार विचार करायचे. राजूरची जमीन भावांकडे आहे, ही खोली पापडांकडे. रविवारी सकाळी फोन वाजतो, तुम्ही दोघं एकदम कुकारा देता, आणि मी गच्चीतून ओ देते. खालच्या गल्लीतून जाणारा दूधवाला आता दचकत नाही. रझियाबी तर माझ्याआधीच ओरडतात, "व्हय रं बाळांनो!" त्या दोन मिनिटांत मला घराबद्दल काही शंका उरत नाही.

तुम्हीही एक दिवस मोठाल्या सॅका घेऊन कुठेतरी जाल. मी स्टेशनावर असेन तर बाटली भरून देईन. कुकारा कुठूनही द्या, मी ओ देईनच; ते माझ्याने राहवणार नाही. पण तेवढ्यावरून वळू नका. खाली उतरायचं कुठून, ते तुमच्या बाबांना विचारा.

तुमची,
आजी