कोंबड्यांची दृष्ट

आमच्या घराण्यात आजवर दृष्ट लागली ती फक्त कोंबड्यांना. माणसं तेवढी देखणी नव्हती.

कोंबड्या माझ्या सासूबाईंच्या. मी लग्न होऊन पार्ल्याहून मुलुंडला आले तेव्हा तिथे बैठ्या घरांना मागे परसू असायचं. आमच्या परसात सासूबाईंचं खुराडं होतं. गावाहून टोपलीतून आणलेल्या दोन कोंबड्यांवर त्यांनी धंदा उभा केला होता आणि अर्ध्या गल्लीचं आम्लेट त्यांच्या हातात होतं. (उरलेली अर्धी गल्ली शाकाहारी होती, निदान दिवसाउजेडी.)

या धंद्याला एकच शत्रू होता. माझे सासरे! मामंजी गिरणीतून निवृत्त झाले होते आणि त्यांना झोपाळा हवा होता. तोही नेमका खुराड्याच्या जागी, आंब्याच्या सावलीत. जाडजूड साखळ्या त्यांनी आधीच आणून फांदीला टांगल्या होत्या. रोज दुपारी, कोंबड्या परसात चरत असताना, ते साखळ्या खणाखणा ओढून बघत.

"काय करताय?" सासूबाई विचारायच्या.

"फांदी पेलते की नाय, बघतंय."

"तुमका की माका?"

त्याच डिसेंबरात भांडुपचा बेकरीवाला पावलूशेठ आला. नाताळच्या केकसाठी त्याला एकगठ्ठा अंडी हवी होती. वेळेवर दिलीत तर वर्षभर तुमच्याचकडून घेईन, म्हणाला. मामंजींनी ताबडतोब जाहीर केलं, "पावलूचा काम जमला तर खुराडा ऱ्हवांदे. नाय जमला तर माझो झोपाळो!"

"जमला!" सासूबाई म्हणाल्या.

आणि दुसऱ्या दिवसापासून कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलं.

सकाळी खुराड्यात हात घालावा तर आत फक्त पेंढा! कोंबड्या मात्र मजेत. माहेरवाशिणीसारख्या खायच्या, फिरायच्या, झोपायच्या. मामंजी शीळ घालत झोपाळ्याच्या फळीला रंग देऊ लागले.

सासूबाईंनी निदान केलं. "दिष्ट! त्या शेजारणीची! माझ्या कोंब्यांकडे बघून म्हणाली कशी, 'बाई बाई, किती गुटगुटीत!'"

शेजारीण म्हणजे देशपांडेकाकू. घर इतकं सोवळं की कांदासुद्धा मागच्या दारानं यायचा. त्यांना कोंबडीत रस असण्याचं कारण नव्हतं. पण अलीकडे त्यांना एकूणच गुटगुटीतपणाचं कौतुक होतं. कारण त्यांचे काडीपैलवान यजमान नाना अचानक भरू लागले होते. गालांवर लाली! "च्यवनप्राश गं, दुसरं काय," काकू सांगायच्या. "पहाटे उठून स्वतः बंब पेटवतात, तासभर आंघोळ करतात. इतका उत्साह!"

तर दृष्ट काढायची ठरली. सासूबाईंना गुडघ्यांमुळे खुराड्यात वाकून शिरता येईना, म्हणून मानकरी मी. मोहरी, मीठ, सुक्या मिरच्या घ्यायच्या, ओवाळायच्या आणि निखाऱ्यावर टाकायच्या. मिरच्यांचा ठसका लागला तर दृष्ट नाही. ठसका लागला नाही, तर दृष्ट जबर! हे शास्त्र मला माहीत होतं. पण ते एका जागी बसणाऱ्या माणसांसाठी आहे. कोंबड्यांना एका जागी बसवायचं कसं? मी सगळ्यांना आत कोंडलं, निखाऱ्याची शेगडी घेऊन मीही आत शिरले आणि दार लावून घेतलं. (दृष्ट बाहेर पळू नये म्हणून! मी इंटरपर्यंत शिकलेली होते.)

मूठभर मिरच्या शेगडीत टाकल्या.

"वास इलो?" बाहेरून सासूबाई.

"नाही आई!"

"म्हणजे जबर आसा! आणखी टाक!"

टाकल्या.

"आता?"

"छे! काहीच नाही!"

"काय म्हणू त्या बायेच्या डोळ्यांक! सगळ्यो टाक गो!"

सगळ्या टाकल्या. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की निखाऱ्यांवर राखेचा जाड थर आहे. मग माझ्यासारखी हुशार सून जे करेल तेच मी केलं. खाली वाकले आणि जोरात फुंकर मारली.

पुढचं मला दिसलं नाही, कारण डोळे उघडे नव्हते. कोंबडी शिंकते हे मला त्या दिवशी कळलं! मी दाराला धडकले, दार उघडलं, आणि मी व कोंबड्या अशी एकत्र वरात परसात आली. सासूबाई खोकत, मामंजी खोकत, आंब्यावरचा कावळाही जागा सोडून गेला.

"धर गो! धर! त्या शेजारणीकडे चालल्यो!"

आणि शेजारी त्या दिवशी सत्यनारायण होता.

कोंबड्यांनी मात्र पूजेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कुंपणाच्या भगदाडातून त्या ओळीनं पलीकडे गेल्या आणि भिंतीतल्या भोकातून देशपांड्यांच्या मागच्या न्हाणीघरात घुसल्या, रोजची वाट असल्यासारख्या. मागोमाग मी. डोळे पुसून पाहते तो बंबाशेजारी सरपणाचा ढीग, ढिगामागे भुसा आणि भुशात अंडीच अंडी! मामंजींच्या खणखणाटाला भिऊन आमच्या बायांनी बाळंतपणाला हे शांत घर शोधलं होतं!

आणि बंबापाशी सोवळं नेसलेले नाना. हातात दोऱ्याला बांधलेला रुमाल, रुमालातून वाफ आणि तोंड भरलेलं.

"नाना!"

"शू!" नानांनी कसाबसा घास गिळला. "सूनबाई, ओरडू नकोस. हिला कळलं तर मी मेलो!"

"आणि च्यवनप्राश?"

"तो मांजर खातं."

बाहेरून काकूंचा आवाज आला. "अहो, आरती सुरू होतेय! आत काय चाललंय?"

नानांचा चेहरा रुमालातल्या ऐवजाइतका पांढरा पडला. त्यांनी भुशासकट अंडी माझ्या पदरात ओतायला सुरुवात केली. "ने, ने! आत्ता मावतील तेवढी ने! बाकीची मी कुंपणावरून देतो. तुझ्या सासूला सांग, ब्राह्मणाची लाज राख!"

भरला पदर पोटाशी धरून मी निघाले. पण न्हाणीघराला बाहेरचं दार नव्हतं. कोंबड्यांच्या भोकातून मी मावणार नव्हते. (घुसताना कशी मावले ते त्या मिरच्यांनाच ठाऊक!) मग मधल्या खोलीतून, पूजेला आलेल्या बायकांच्या समोरून, भिंतीला चिकटून सरकू लागले.

"अगंबाई, सुमन!" काकूंनी अडवलं. "डोळे का गं लाल? रडलीस? आणि नवी नवरी पूजेच्या दिवशी आली, तशीच जाते होय? थांब, ओटी भरते!"

"नको काकू! खरंच नको!"

"लाजतेस काय? पदर तर पसरलेलाच आहेस!"

"भरलाय तो काकू!"

"ओटी का कधी भरून जास्त होते?"

दारातून नाना डोळ्यांनी दंडवत घालत होते. काकूंनी हळदकुंकू लावलं, ओंजळभर तांदूळ टाकले आणि वर चांगला टपोरा नारळ ठेवला. ठेवला म्हणजे आपटला.

कचकच!

पदराखालून पिवळी धार माझ्या पावलांवर आली. भटजी घंटा हातात धरून थिजले. तेवढ्यात नाना कडाडले, "पिचला! अगं, आंबा पिचला!"

"डिसेंबरात?" काकू म्हणाल्या.

उत्तर द्यायला मी तिथे नव्हते.

नाना शब्दाला जागले. कुंपणावरून बादली आली. सासूबाईंनी एकेक अंडं पाण्यात बुडवून पारखलं. तरंगली ती फेकली, आणि तरीही पावलूशेठची मागणी पुरी झाली, वर चार उरली. मामंजींनी मुकाट्यानं साखळ्या उतरवल्या. खुराडं राहिलं.

संध्याकाळी सासूबाई मीठ-मोहरी मुठीत घेऊन बाहेर आल्या. माझं मन भरून आलं. काय दिवस गेला होता! एवढ्या बायकांच्या नजरा माझ्यावर पडल्या होत्या, त्यात ते नवं लुगडं, नवी नवरी. मी हळूच पाटावर बसले, पदर डोक्यावर घेतला आणि मान खाली घातली.

सासूबाई थांबल्या.

"सरक गो बाजूक," त्या म्हणाल्या, "मागची कोंबी दिसणा नाय."