घड्याळजींच्या घरचं तण

लोक गवत उपटतात आणि फुलझाडं लावतात. घड्याळजींची बायको मुद्दाम गवत पेरायची. गल्लीनं तिचं नाव 'गवतवाली' ठेवलं होतं आणि तिनं ते मनाला लावून घेतलं नव्हतं. घड्याळजी म्हणायचे, "एखादी गाय तरी आणू या. कुणाच्या तरी पोटात जाईल."

"तुम्ही आहात की घरात," ती म्हणायची.

बी यायचं तिच्या माहेरामागच्या उतारावरून. तिथं गुडघ्याएवढं, तांबूस तुऱ्यांचं गवत व्हायचं आणि त्यात शर्टाच्या बटणाएवढी निळी फुलं. लहानपणी ती त्या गवतात बसली की आईला दिसायची नाही. गेल्या वर्षी कुणीतरी तो उतार सपाट करून गोदामं बांधायला घेतली. यंत्रं यायच्या आधी तिनं जाऊन हाताला लागलं तेवढं बी खुडून आणलं. दुसरीकडे कुठं ते गवत असेलही, पण तिनं फिरून फिरून शोधलं तरी सापडलं नव्हतं. म्हणून घड्याळाचे सुटे भाग ठेवायच्या दोन पत्र्याच्या डब्यांत तिनं बी निम्मं निम्मं ठेवलं. सगळं बी एकदम मातीत घालू नये, एवढी अक्कल तिला होती.

त्याच वर्षी हिवाळ्यात घड्याळजींच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. ज्या हातानं जन्मभर केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या, त्या हाताला स्वतःचं बटण लावता येईना. दुकान बंद झालं. दुकानातलं टेबल घरी आलं आणि उजेडाच्या खिडकीपाशी लागलं. व्यायाम करून घेणारी मुलगी रबरी चेंडू आणि रंगीत खुंट्या घेऊन यायची. घड्याळजी हात मांडीवर टाकून बसायचे. "मी काय बालवाडीत आहे?" म्हणायचे.

मुलगी जाताना दाराशी हळूच म्हणाली, "काकू, आत्ता बोटं हलली नाहीत, तर पुढं कठीण आहे."

उन्हं वाढली तशी गवतवालीनं पहिली डबी उघडली. बी पॉलिश पेपरवर हलकं घासून, ओल्या वाळूत थंडाव्याला ठेवून झालं होतं. ते तिनं ट्रेमध्ये पसरलं, वर माती न घालता नुसतं तळहातानं दाबलं. ऊन तिथंच चांगलं, म्हणून ट्रे घड्याळजींच्या टेबलावर ठेवले. उगवलं तेव्हा ते कुठल्याही गवतासारखंच दिसत होतं. घड्याळजींनी बायकोची रोपं आजवर कधी निरखून पाहिली नव्हती, आणि बायकोलाही ती दाखवायचं सुचलं नव्हतं.

एका संध्याकाळी अंगणातल्या फरशीकडे बघत ती करवादली, "तण नुसतं माजलंय. पण या घरात वेळ कुणाला आहे?"

दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या धुलाईखान्यातली पाळी संपवून ती घरी आली, तर ट्रे मोकळे. टेबलावर पांढरं फडकं अंथरलेलं होतं. त्यावर सगळी रोपं उंचीप्रमाणे ओळीत मांडलेली, मुळं एका बाजूला, घड्याळ उघडल्यावर चाकं मांडतात तशी. घड्याळजींचा शर्ट घामानं भिजला होता. उजव्या हातात त्यांचा बारीक चिमटा होता.

"तुझं तण काढलं," ते जड जिभेनं म्हणाले. "सगळं. मुळासकट."

तिनं ओरडायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात तिला त्यांचा अंगठा आणि पहिलं बोट दिसलं. दोन्ही एकमेकांना टेकली होती.

"बरं केलंत," ती म्हणाली. "कधीचं राहिलं होतं."

ते झोपल्यावर तिनं एकेक रोप परत मातीत खोचून पाहिलं. सगळी सुकून आडवी पडली.

सकाळी घड्याळजींनी आपणहून टेबलाशी बसवायला सांगितलं. "आज काय काढायचं?" तिनं अंगणातलं खरं तण कुंडीत आणून दिलं. त्याची मुळं चिवट, चिमटा निसटायचा. त्यांनी तो फेकून दिला. मग तिनं मोहरी पेरली. उगवल्यावर त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "ही मोहरी आहे. मला खुळा समजतेस?" हात पुन्हा मांडीवर गेला तो तिथंच राहिला. मुलीच्या खुंट्या तशाच पडून राहिल्या.

तिला नवऱ्याचा राग आला. राग आल्याची लाज वाटली, पण राग गेला नाही. त्या रागातच तिनं दुसरी डबी उघडली. चिमूटभर बी मात्र एका तडा गेलेल्या कपात पेरून स्वयंपाकघराच्या खिडकीत, मिठाच्या बरणीमागं लपवलं. तिथंवर घड्याळजी पोचणं शक्य नव्हतं. त्यांना खुर्चीतून उठवायलाच दोन माणसं लागत.

ट्रे हिरवे झाले. "पुन्हा तण आलंय हो," म्हणून ती कामाला गेली. त्या दिवशी तिच्या इस्त्रीखाली एक चादर करपली.

"माती वाईट आणलीस, पुन्हा सगळं तण उपटावं लागलं," घड्याळजी संध्याकाळी म्हणाले. ते खुशीत होते. पुढं त्यांनी चमचा धरला, मग बटण लावलं. मुलगी म्हणाली, "काका, काय जादू केलीत?"

"कामाला लागलो. चेंडू दाबून कुणाचा हात सुधारतो?"

कपात दोन पाती आणि एक गोल पान आलं होतं. गवतवाली रोज सकाळी बरणी सरकवून त्यांना बघायची, मगच कामाला लागायची.

एक दिवस ती घरी आली तर खुर्ची रिकामी. ती धावली. घड्याळजी स्वयंपाकघरात, ओट्याला धरून एकटे उभे. पुढ्यात कप, हातात चिमटा.

"इथं राहिलं होतं थोडं," ते म्हणाले. "बरणीमागं दडून बसलं होतं, लबाड."

"तुम्ही चालत आलात?"

"मग काय उडत?"

ती हसली. हसणं थांबेना, मग त्याचं रडू झालं. तिला आनंद झाला असं घड्याळजींना वाटलं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

उतारावर निळी फुलं यायची ते दिवस आले. घड्याळजी खिडकीशी बसून स्वतःच्या हातानं मनगटी घड्याळाला चावी देत होते.

"अगं, तुझं ते गवत नाही उगवलं यंदा?"

"नाही."

"बी जुनं असेल."

"हो, जुनंच असेल."

"मग त्या डब्या मोकळ्या झाल्या असतील ना? दे इकडे. स्क्रू ठेवायला होतील."

तिनं दोन्ही डब्या फडक्यानं आतून पुसल्या आणि त्यांच्या उजव्या हातात दिल्या.