मधून कापलेलं गवत

बाळाराम नाना गेल्याचं सांगायला त्यांचा मुलगा हरिश्चंद्र कोलशेतहून ठाण्याला आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीत आला. दारातच उभा राहिला. "बाबा गेलं. तुमाला कलवा म्हनालं व्हतं..." एवढंच बोलला. त्याला आता सहा आठवडे झाले. आठ-नऊ वर्षांपूर्वी त्याच दारात त्याचे वडील उभे होते, हातात आमचा अंक घेऊन.

त्या अंकात माझी बातमी होती : कोलशेतच्या माळावर गवत कापताना बिबट्याची दोन पिल्ले सापडली. मला ती कोर्टातल्या एका कारकुनाने सांगितली होती आणि दुसऱ्याच दिवशी अंक निघायचा होता. नानांनी अंक टेबलावर ठेवला आणि विचारलं, "पोरा, पिलां तू डोल्यांनी पायलीस का?" मी नाही म्हणालो. "बिबट्याची नव्हती रे. वाघाटीची व्हती."

वाघाटी म्हणजे घरच्या मांजराहूनही लहान रानमांजर, अंगावर तांबूस ठिपके. तिची पिल्लं बिबट्याची वाटतात, हीच तिच्यावरची आफत. नानांचं घर आगऱ्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या मिठागर आणि शेती करणारं. डोंगराच्या बाजूचा गवताचा माळ त्यांचाच. पिल्लं विळ्यापुढे आली तेव्हा त्यांनी ती आहेत तिथेच राहू दिली. माणसं हटली की आई येऊन उचलून नेते, हे त्यांना माहीत होतं. माणसं हटली नाहीत. बातमी वाचून ठाण्याहून, कल्याणहून लोक आले, काही काठ्या घेऊन. आई दोन दिवस फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पिल्लं गार पडलेली होती. नानांनी हे आवाज न चढवता सांगितलं. दुरुस्ती छाप, असंही म्हणाले नाहीत. मी छापली; चार ओळींची.

नाना मात्र निम्मा दोष स्वतःकडे घेत. कापणी चारी बांधांकडून आत यायची. जनावर मागे सरत मधल्या तुकड्यात अडकायचं आणि शेवटच्या विळ्याला सापडायचं. पुढच्या दिवाळीनंतर त्यांनी कापणी उलटी केली : मधून सुरुवात, मग बाहेर, आणि डोंगराकडची कड सर्वांत शेवटी. मधोमध पोचायला उभं गवत तुडवावं लागे, गवत विकत घेणारे व्यापारी कुरकुरत. आदल्या दिवशी नाना एकटेच जाऊन तिथे बांबू रोवत आणि त्याला आपलं जुनं लाल मुंडासं बांधत.

"नाना, मधी काय सोनं पुरलंय का?" कापणीला आलेल्या बाया विचारत.

"व्हय. पन त्याला पाय हायत."

मी दरवर्षी कापणीला जात असे. वाघाटी मला एकदाही दिसली नाही. नानांना दिसे, "काल व्हती बग," असं ते शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं सांगत.

शेवटच्या भेटीत ते खाटेवर होते. दम लागत होता. माळाकडचं दार उघडं ठेवायला लावलं होतं. "हऱ्या मधून कापंल का रे?" त्यांनी मला विचारलं. हरिश्चंद्र शेजारीच उभा होता.

गेल्या आठवड्यात कापणी झाली; मीही गेलो होतो. या वेळी गवत उभंच व्यापाऱ्याला विकलेलं, कापणीही त्याच्याच हातात. त्याच्या मुकादमाने बायांना बांधाला रांगेत बसवलं होतं. हरिश्चंद्र खाली मान घालून विळ्याची धार पाहत राहिला. तेवढ्यात त्याची बायको जनाबाई घराकडून आली. खांद्यावर बांबू, बांबूला मुंडासं.

"ओ मुकादम, पाय सरकवा. आमच्याकडं मधून कापतात."

"कोन म्हनतो?"

जनाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. हरिश्चंद्र उठला, तिच्या खांद्यावरचा बांबू घेतला. "मी म्हनतो," म्हणाला आणि गवतात शिरला. मागून एक म्हातारी हसत उठली, "चला गो बायांनो, सोनं काढाया." रांग मोडली.

दुपारपर्यंत मधला चौक मोकळा झाला. ऊन कलल्यावर डोंगराकडच्या कडेला, उभ्या गवतात, एक बारीक रेघ हलत गेली आणि झुडपांपाशी थांबली. बायांचे विळे क्षणभर थबकले. हरिश्चंद्रने माझ्याकडे पाहिलं.

वारा नव्हता. गवत हललं, एवढं मी पाहिलं. त्यात काय होतं, ते पाहिलं नाही.