उंदराला नापास न करणारे सर

उंदीरवाल्या सरांनी कधी एकाही उंदराला नापास केलं नाही.

भंडाऱ्याच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत. मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर. सर आंधळगावच्या विणकर घरातले. मोडक्या मागाच्या फळ्या ठोकून त्यांनी उंदरांसाठी भूलभुलैया केला होता. शेवटच्या कोपऱ्यात मुरमुरा. एखादा उंदीर दारातच बसून राहिला की मी वहीत 'नापास' लिहायला घेई. सर माझं पेन धरत.

"अबे, त्याले वाट मालूम हाये. जावंसं वाटून नाही राहिलं. न येणं येगळं, न वाटणं येगळं. आधी मुरमुरा बदल, मंग त्याले दोष दे."

मग फुटाणा ठेवत, गूळ ठेवत, तासभर वाट पाहत. मला त्या चिकाटीचा वैताग येई.

सत्तरचं दशक संपता संपता सर खुर्चीतून उठेनासे झाले. पिंजरे घाण, उंदीर उपाशी. साफसफाई, दाणापाणी सगळं मी करी, दात-ओठ खात.

"सर, आज लावायचा का भूलभुलैया?"

"लावू ना."

संध्याकाळपर्यंत तेवढंच. एकदा मुलांसमोर मी म्हणालो, "सर, पेन्शनची एवढी घाई काहून झाली?" मुलं हसली. सरही हसले. त्यांनी चिडायला हवं होतं. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

प्राचार्यांनी लेखी अहवाल मागितला. मी लिहिलं, 'काम येतं. करायची इच्छा नाही.' सरांच्या आजाराचं निदान मी माझ्याच हातानं लिहिलं होतं, आणि मला ते वाचता आलं नाही. प्रयोगशाळा सरांकडून काढून घेतली.

दोन-तीन वर्षांनी सर कारध्याच्या पुलावर घराची वाट विसरून उभे राहिले. नागपूरच्या डॉक्टरांनी सरांच्या बायकोला, काकूंना, सांगितलं, मेंदूत कसलंसं प्रथिन साचत असावं. आठवण आता चालली; हौस बहुधा त्याआधीच गेली.

मी दर रविवारी कारध्याला, त्यांच्या घरी जाऊ लागलो. मुरमुरे नेले, सर नुसते बघत राहिले. मग फुटाणे. मग गूळ.

"भाऊ, दर खेपेले येगयेगळं कायले आणता? ते तं खाऊनच नाही राहिले," काकू म्हणाल्या.

अहवाल कुणी लिहिला, हे काकूंना माहीत नव्हतं. तेच सांगायला मी दर वेळी घरून निघे, आणि पुडी सोडून बसे.

सर गेल्याचं कळलं, तेव्हा पुढच्या रविवारसाठी घेतलेले बत्तासे माझ्या पिशवीत होते.