दोंगदोराचा पराक्रम

भामाबाईला राग आला की ती ओरडत नाही. ती चहा ठेवते. हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या तिच्या बिल्डिंगमध्ये हे सगळ्यांना ठाऊक आहे. भामाबाईनं न विचारता चहा पुढे केला, तर माणसानं आपलं काय चुकलं ते मनात आठवायला लागावं. दिलीप मोकाशींना मात्र हे ठाऊक नव्हतं. ते पुण्याचे, आणि तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहत होते जेमतेम दोन वर्षं.

भामाबाई मूळची उदगीरकडची. वडील आबासाहेब निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले, घरी शेती, बोलणं मराठी आणि गोष्टी सगळ्या उर्दूतून आलेल्या. लग्न होऊन ती हैदराबादला आली. नवऱ्याचं, नामदेवरावांचं, बेगम बाजारात मिरची-हळदीचं दुकान. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की ती गल्ल्यामागं बसून वहीत लिहायची. शिंकत शिंकत लिहायची, पण लिहायची.

लिहिण्याचं कारण रविवारचा वर्ग. मराठी मंडळाच्या हॉलमध्ये ती दर रविवारी मुलांना मराठी वाचायला शिकवी. मुलं सगळी इंग्लिश मीडियमची. नारायणगुड्यातल्या शाळेत इंग्रजी, रस्त्यावर उर्दू, मोलकरणीशी तेलुगू, आणि मराठी फक्त आजीला फोनवर 'बरी आहेस का' विचारण्यापुरती. श्लोक काढले की पोरं खिडकीबाहेर बघत. घरोघरी केबल आली होती, परदेशी गोष्टींची जाड जाड पुस्तकं दुकानांत दिसू लागली होती, तिथं श्लोक कोण ऐकतो! मग एका रविवारी भामाबाईनं खडू खाली ठेवला आणि ती म्हणाली, "गोवळकोंड्याच्या मागच्या डोंगरात एक अजदहा राहत होता. त्यानं अख्ख्या गावातल्या चुली गिळल्या."

अजदहा म्हणजे अग्नी ओकणारा, पंखांचा प्रचंड साप. ज्याला बाकीचं जग ड्रॅगन म्हणतं, तोच. आबासाहेबांच्या तोंडून तिनं हाच शब्द ऐकला होता, आणि हैदराबादच्या पोरांनाही तो नवा नव्हता. त्या दिवसापासून वर्ग भरू लागला. दर आठवड्याला दोन पानं, मोठ्या ठळक अक्षरात, म्हणजे कच्चं वाचणाऱ्यालाही वाचता यावीत. चुली परत आणायला निघालेली राणू नावाची मुलगी, तिचा प्रवास, नवव्या प्रकरणात तिनं मारलेला दुष्ट अजदहा आणि चौदाव्या प्रकरणात तिला पाठीवर घेऊन घरी आणणारा दुसरा, भला अजदहा. दोन्ही अजदह्यांसाठी भामाबाई वर्गात दोन वेगळे आवाज काढी. वहीत मात्र दोघांनाही नुसतं 'अजदहा' लिहिलेलं होतं. पोरांना गोंधळ नव्हता, मग लिहायला कशाला हवं?

मोकाशींची सायली त्या वर्गात येई. तिच्यामुळं मोकाशींनी वह्या पाहिल्या. ते माधापूरकडच्या एका कंप्युटर कंपनीत मोठे साहेब, घरी कंप्युटर, त्यात मराठी अक्षरं. म्हणाले, "भामाताई, काय सुंदर लिहिता हो! द्या वह्या, मी टाइप करून देतो. छान पुस्तक होईल तुमचं." तुमचं, असं म्हणाले होते ते. भामाबाईनं सहा वह्या फडक्यात बांधून दिल्या, वर डबाभर काळा मसाला दिला.

नव्व्याण्णव साली मोकाशी कंपनी बदलून पुण्याला परत गेले. वह्या सामानाच्या घाईत कुठंतरी गेल्या म्हणाले. पुढच्या वर्षी मंडळाच्या वाचनालयात पुण्याहून पुस्तकांचा गठ्ठा आला. मंडळाचे सेक्रेटरी हिम्मतराव यांनी त्यातलं एक पुस्तक भामाबाईच्या हातात ठेवलं. "ताई, हे बघा, तुमच्यावानीच गोष्ट हाय."

'अजदहाची प्रतिज्ञा.' लेखक, दिलीप मोकाशी.

तिनं तिथंच उभ्यानं वाचलं. राणू होती. चुली होत्या. तिची वाक्यंच्या वाक्यं होती, फक्त हैदराबादी शब्द खरवडून काढलेले. एकच शब्द मोकाशींनी ठेवला होता, तो म्हणजे अजदहा, कारण त्यांना वाटलं ते त्या ड्रॅगनचं नाव आहे! दोन अजदह्यांचा त्यांनी एकच करून टाकला होता. नवव्या प्रकरणात राणू त्याचं मुंडकं उडवत होती आणि चौदाव्यात तोच मुंडक्यासकट तिला घरी सोडत होता. या माणसानं आपल्या ड्रॅगनचं नाव ड्रॅगन ठेवलं होतं. भामाबाईला हसू यायला हवं होतं. पण तिची नजर शेवटच्या पानावर गेली. 'हैदराबादच्या वास्तव्यात काही लोककथा ऐकवणाऱ्या भामाताईंचे आभार.'

लोककथा! तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. लोककथा म्हणजे जिला कुणी धनी नाही. कुणाच्याही अंगणात पडलेली, ज्याला सापडली त्यानं उचलावी अशी. सहा वर्षांचे रविवार, शिंकत लिहिलेल्या सहा वह्या, आणि ती कोण तर ऐकवणारी बाई. तिनं पत्र लिहिलं. मोकाशींचं उत्तर गोड शब्दांत आलं. ताई, कल्पना कुणा एकाच्या मालकीच्या नसतात, त्या हवेत असतात. तुमचे आभार मानलेच आहेत की.

"जाऊ दे ना," नामदेवराव म्हणाले. "आपल्याला काय करायचंय पुस्तकाचं? तू पोरांना नवी गोष्ट सांग."

भामाबाईनं त्यांच्यापुढं चहा ठेवला. नामदेवरावांनी कप घेऊन विषय बदलला.

जाऊ देण्यातली ती नव्हतीच. तिला काय हवं होतं ते अगदी साधं होतं. त्या गोष्टीवर तिचं नाव हवं होतं, आणि ज्यानं ते पुसलं त्याच्याच हातून ते परत लिहून हवं होतं. माफी नको होती. माफीचं लोणचं घालायचं होतं का तिला? पण वह्या त्यांच्याकडं, पुरावा कुठला? अजदह्याची चूक फक्त हैदराबादच्या माणसाला कळणार, पुण्यात कोण ऐकणार? रोज मिरच्यांची पोती मोजता मोजता ती हेच घोळवत राही, आणि दिवसेंदिवस राग ओसरायचं सोडून मुरतच गेला.

दीड वर्षानं फोन आला. "भामाताई! ओळखलं का? अहो, पुस्तक धो धो चाललंय!" मोकाशींचा आवाज गुळात घोळलेला होता. पण मुलांची पत्रं येत होती, मेलेला अजदहा परत उडाला कसा? प्रकाशक दुसरा भाग मागत होते, त्यात त्याचा उलगडा हवा होता. "तुम्ही सांगत होतात ना त्या राणूच्या पुढच्या कथा? दुसरा भाग आपण दोघं मिळून करू."

"हौ, करू की," भामाबाई म्हणाली. "या वेळी पुस्तकावर माझं नाव टाकता न्हवं?"

"बघू. प्रकाशकांशी बोलतो."

त्या 'बघू'वर तिनं त्याचा निकाल लावून टाकला. ती इतक्या गोड आवाजात 'बरं' म्हणाली की शेजारी बसलेले नामदेवराव दचकले.

तिनं चार महिने लिहिलं. सुरुवातीला ठरवलं होतं, मुद्दाम रद्दड लिहायचं. पण ते तिला जमेना. दोन पानं रद्दड लिहिली की हात आपोआप वळायचा आणि गोष्ट पळायला लागायची. शेवटी तिनं गोष्ट चांगलीच होऊ दिली, आणि विष सगळं नावांत घातलं. या भागात राणूच्या शेजारी एक नवा वीर आला, अजदह्याच्या गुहेतून अग्नी घेऊन येणारा. त्याचं नाव दोंगदोरा.

तेलुगूत दोंग म्हणजे चोर आणि दोरा म्हणजे सरदार. हे हैदराबादच्या शेंबड्या पोरालाही कळतं. दोंगदोराच्या आईचं नाव तिनं सिग्गुलेनी ठेवलं. सिग्गु म्हणजे लाज, लेनी म्हणजे नसलेली. आणि ज्या डोंगरावर तो शपथ घेतो तो अबद्धम. अबद्धम म्हणजे खोटं, निखालस खोटं. प्रत्येक नाव लिहिताना ती गल्ल्यामागं एकटीच हसायची.

"काय लिहूलालीस एवढं हसत हसत?" नामदेवरावांनी एकदा विचारलं.

"बारसं करूलालेव," ती म्हणाली.

वही पुण्याला गेली. मोकाशींचा फोन आला तो आनंदानं फुटत. "काय दणदणीत नावं आहेत हो! दोंगदोरा! आणि अबद्धम, म्हणजे कुणी बांधू न शकलेला पर्वत, वा! कुठून सुचलं?"

"जुन्या राजघराण्यातली नावं हाईत," भामाबाई म्हणाली. "एक करा साहेब. प्रकाशन इथं हैदराबादला, आपल्या मंडळात ठेवा. मानाचं होईल."

मोकाशींना मान आवडायचा. लगेच हो म्हणाले. सायलीलाही आणतो म्हणाले.

"नक्को," भामाबाई म्हणाली. "पोरीच्या परीक्षा असतील. राहू द्या तिला घरी." सायली तिच्याच हाताखाली वाचायला शिकली होती. बापाची फजिती पोरीनं बघू नये, एवढी माया तिच्यात अजून शिल्लक होती. बापाबद्दल मात्र काडीची नव्हती.

निमंत्रणपत्रिकेचा मसुदा घेऊन हिम्मतराव धापा टाकत घरी आले. "ताई, ह्ये काय छापूलालोत आपण? 'दोंगदोराचा पराक्रम, लेखक दिलीप मोकाशी'? त्यांना कुणी सांगितलं नाही का?"

"तुम्ही सांगताव का?"

हिम्मतरावांनी तिच्याकडं पाहिलं. मग पत्रिकेकडं पाहिलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं. "पाचशे छापतो," ते म्हणाले.

एरवी मंडळाच्या कार्यक्रमाला चाळीस माणसं आली तरी खूप. त्या रविवारी संध्याकाळी दाराबाहेर चपलांचा ढीग होता. लोक पत्रिका वाचून आले होते आणि गालांत हवा धरून बसले होते. मोकाशी झब्बा घालून आले, गर्दी पाहून भारावले. पुस्तकांच्या दोन थप्प्या टेबलावर मांडल्या होत्या. मुखपृष्ठावर नाव एकच. भामाबाईनं तेही पाहून घेतलं आणि ती मागच्या रांगेत जाऊन बसली.

मोकाशींनी घसा साफ केला आणि वाचायला घेतलं. "अबद्धमाच्या शिखरावर उभा राहून तो गर्जला, ऐका! मी दोंगदोरा! सिग्गुलेनीचा पुत्र! अग्नी आता माझा आहे!"

हॉल फुटला. लोक एकमेकांच्या खांद्यावर पडून हसू लागले. मोकाशींना वाटलं दाद आहे, म्हणून त्यांनी तेच वाक्य आणखी जोरात वाचलं. पहिल्या रांगेतल्या सावित्रीबाई, मंडळाच्या सगळ्यांत जुन्या सभासद, पदरानं डोळे पुसत उठल्या.

"अहो साहेब, पुरे करा. पोट दुखाया लागलं. तेलुगूत दोंगदोरा म्हंजे चोरांचा सरदार. सिग्गुलेनी म्हंजे निर्लज्ज. आन् अबद्धम म्हंजे खोटं. तुम्ही मगापासून ओरडून सांगूलालाव, मी चोर, मी निर्लज्ज बाईचा लेक, खोट्यावर उभा हाय म्हणून!"

मोकाशींचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्यांनी पुस्तक असं खाली टाकलं जणू ते तापलेला तवा होतं. आणि अंगावरचा चिखल झटकायच्या घाईत ते माइकवर ओरडले, "मी नाही लिहिलेलं हे! यातला शब्दही माझा नाही! सगळं त्या बाईंनी लिहिलंय!"

हसू एकदम थांबलं.

"कोन्त्या बाईंनी?" हिम्मतरावांनी शांतपणे विचारलं.

"त्या भामाताईंनी!"

"आन् पहिला भाग?"

मोकाशी टेबलावरच्या थप्प्या सरळ करू लागले. हॉलमधल्या प्रत्येकाला उत्तर मिळालं होतं.

"पूर्ण नाव सांगा," हिम्मतराव म्हणाले. "भामाताई कोन?"

मोकाशी गोंधळून इकडंतिकडं बघू लागले. दोन वर्षं तिच्या हातचं जेवले, तिच्या सहा वह्या घेऊन गेले, दोन पुस्तकं तिच्या जिवावर उभी केली, आणि तिचं आडनाव त्यांना माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं.

भामाबाई उठली. रांगांमधून सावकाश चालत पुढं आली. इतके दिवस तिनं हा क्षण मनात किती वेळा घडवला होता, पण आपले पाय असे स्थिर असतील असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिला फार, फार बरं वाटत होतं. तिनं माइक हातात घेतला नाही, गरजच नव्हती.

"भामा नामदेवराव बिरादार," ती म्हणाली. मग टेबलामागची खुर्ची ओढून मोकाशींच्या मागं ठेवली. "बसा साहेब. सह्या करायला पेन आणलंव न्हवं? प्रत्येक पुस्तकावरचं तुमचं नाव खोडा आन् माझं लिहा."

ते बसले. दुसरं काय करणार होते? दोनशे माणसं समोर उभी होती. सावित्रीबाईंनी पहिली प्रत पुढं सरकवली, आणि पिशवीतून काढून पहिल्या भागाचीही. "ह्याच्यावर बी," त्या म्हणाल्या. मागं रांग लागली, दारापर्यंत.

मोकाशींनी आपलं नाव खोडलं आणि खाली लिहिलं. भामाबाईनं वाकून पाहिलं. त्यांनी 'बीरादार' लिहिलं होतं.

"बि ऱ्हस्व हाय," ती म्हणाली. "खोडा. परत लिहा."